दोन्ही पेट्या सारख्या

उजवी पेटी चौदा किलो सातशे वीस ग्रॅम भरली. डावीही चौदा किलो सातशे वीस. तिने काट्याचा हूक सोडवला, आकडा शून्यावर येऊ दिला आणि दोन्ही पेट्या पुन्हा एकेक करून उचलल्या. हा काटा दहा ग्रॅमचासुद्धा फरक दाखवायचा. पण दाखवायला फरक होताच कुठे?

तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिची सगळी नोकरी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली होती. नवीन लागलेली मुलं कधीकधी बाटली नळाखाली न धरताच आकडे भरून मोकळी व्हायची, आणि ते तिला दारातूनच कळायचं. खऱ्या पाण्याचे दोन नमुने कधी तंतोतंत जुळत नाहीत. एक जरा इकडे सरकतो, दुसरा तिकडे. शेवटच्या अंकापर्यंत दोन्ही सारखे आले की ती चष्म्यावरून बघत विचारायची, "हे घरी बसून केलंस, की बसमध्ये?"

या पेट्या मोटरसायकलच्या दोन बाजूंना लागायच्या. अ‍ॅल्युमिनियमच्या, ठिकठिकाणी पोचे पडलेल्या, धुळीने पिवळ्या पडलेल्या. किती बॉर्डर ओलांडल्या हे आता पासपोर्टलाच विचारावं लागलं असतं. सुरुवातीला एका उघड्या माळावर वाऱ्याने गाडी सारखी एका अंगाला ओढली जात होती. नवरा वाऱ्याला शिव्या देत होता. संध्याकाळी तिने दोन्ही पेट्या मोजल्या, तर एक दुसरीपेक्षा चांगली दोन किलोने जड. तेव्हापासून रिवाज पडला तो पडलाच. दर बॉर्डरच्या आदल्या दिवशी ती पेट्या मोजायची आणि नवरा दारात उभा राहून विचारायचा, "काय मॅडम, पाणी पिण्यालायक आहे ना?"

"डावी साठ ग्रॅम जास्त," ती म्हणायची. मग तो डावीतली पक्कड काढून उजवीत टाकायचा आणि काम संपायचं.

फरक ती बोलून दाखवायची. दोन्हींची बेरीज मात्र तिच्या डोक्यातच राहायची, कारण ती कुणी विचारली नव्हती. मागच्या बॉर्डरला बेरीज अठ्ठावीस किलोच्या आतच होती. आज ती साडेएकोणतीसला टेकली होती. म्हणजे जवळजवळ दीड किलोचं काहीतरी त्यांच्या सामानात शिरलं होतं, आणि तेही सख्ख्या भावांत वाटणी करावी तसं निम्मं निम्मं.

ती पलंगाच्या कडेवर बसली. दुसऱ्या मजल्यावरची खोली. लोखंडी पलंग, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. बेसिनचा नळ बंद केला तरी थेंब थेंब गळायचा. खिडकीतून खाली टायरचं दुकान दिसायचं आणि गल्लीच्या टोकाला बॉर्डरकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग, दुपारभर जागची न हललेली. रांगेच्या पलीकडे डोंगर, डोंगरात खिंड, आणि खिंडीपलीकडे थंडीचे देश. तिथवर जायचं की खिंडीच्या अलीकडूनच गाडी जहाजावर चढवून घरी परतायचं, हे दोघांनी अजून ठरवलं नव्हतं. "पुढच्या बॉर्डरला ठरवू," असं तो म्हणायचा, नाहीतर ती म्हणायची. असं म्हणत म्हणत दोघं त्या शेवटच्या बॉर्डरच्या दाराशी येऊन उभे होते, आणि उद्या पहाटे निघायचं होतं.

पेट्या कालपर्यंत कुठे होत्या? गॅरेजमध्ये. डाव्या पेटीचा बोल्ट गंजून अडकला होता, म्हणून गाडी पेट्यांसकट गॅरेजवाल्याकडे ठेवली होती. भलताच गोड माणूस. आपणहून चेनला तेल दिलं, आपणहून आरसे पुसले, वर "वहिनी, निर्धास्त जा," असंही म्हणाला. आता आठवलं तेव्हा तिला त्या 'निर्धास्त'ची धास्ती वाटायला लागली. आज सकाळी नवऱ्याने पेट्या सोडवून वर आणल्या आणि गाडीच्या विम्याचा कागद करायला तो पुन्हा बाहेर गेला.

दारावर टकटक झाली. घरमालकीण टॉवेल घेऊन आली होती. पन्नाशी उलटलेली, भरल्या अंगाची बाई. टॉवेल हे तिचं निमित्त असायचं आणि गप्पा हे काम.

"ताई, उद्या वर जाणार म्हणे? भाऊ सांगत होते."

"बघू. अजून ठरायचंय."

"घ्या! भाऊंनी तर पहाटेच्या चहाची ऑर्डर देऊन टाकली." तिने पेट्यांवरून एक नजर फिरवली. "सगळं नीट बघून घ्या हो मात्र. तपासणी फार कडक झालीय. अहो, याच खोलीत एक जोडपं उतरलं होतं. तुमच्यासारखंच, गाडीवरून आलेलं. सकाळी चहा पिऊन गेले ते गेले. बॉर्डरवर सामानात नको ते सापडलं."

"त्यांनी ठेवलं होतं?"

"आता काय सांगायचं! नवरा म्हणतो गॅरेजवाल्याने ठेवलं. गॅरेजवाला म्हणतो नवऱ्याने ठेवलं. बाईला म्हणे काहीच माहीत नव्हतं."

"मग बाईला सोडलं असेल."

"छे! काहीच माहीत नाही, असं सगळेच म्हणतात ना." मालकिणीने टॉवेल खुर्चीवर ठेवला, त्याची घडी उगाच पुन्हा सारखी केली. "तुमचं तसं काही नाही म्हणा. भाऊ किती साधे आहेत."

मालकीण गेल्यावर तिने दाराला आतून कडी घातली.

प्रथमोपचाराच्या डब्यातले रबरी हातमोजे तिने चढवले. बोटांचे ठसे नकोत म्हणून. दुसरा हातमोजा चढवताना लक्षात आलं, पेटीतल्या प्रत्येक वस्तूवर गेले कित्येक महिने आपलेच ठसे आहेत. तरी तिने तो काढला नाही. मग पलंगावर चादर पसरली आणि उजवी पेटी रिकामी करायला घेतली.

एकेक वस्तू बाहेर काढायची, हातात तोलायची, चादरीवर ठेवायची. तिचे कपडे, त्याचे कपडे, पंपाची नळी, पंक्चरचं सामान, तिचं औषध. साबणाची वडी तिने हुंगून पाहिली. टूथपेस्टची ट्यूब टोकापासून दाबत आणली. हात सरावाने स्थिर होते.

एक गोष्ट तिला मघाचपासून टोचत होती आणि ती मुद्दाम बाजूला सारत होती. ज्याला चोरून माल पाठवायचा आहे, त्याने तो एका पेटीत दडपला असता. दोन्ही बाजू सारख्या करत बसायला गॅरेजवाल्याला काय पडलंय? इथे काटा लागतो, हे जगात फक्त दोन माणसांना माहीत होतं. त्यातली एक ती.

तरीही तिला गॅरेजवालाच हवा होता.

पेटीच्या तळाला तिनेच कापून बसवलेला फोमचा तुकडा होता, अवजारं खडखडू नयेत म्हणून. तो जरासा फुगलेला दिसला. तिने बोटाने कड उचलली. खाली प्लास्टिकमध्ये हवा काढून चपटं केलेलं काहीतरी होतं, काळं. पिशवी फाडली, तर आतून अस्तराचे जाड हातमोजे निघाले. बर्फात गाडी चालवायचे, नवेकोरे. आणि त्यांच्याखाली तसंच जाड, अंगाला घट्ट बसणारं आतलं जॅकेट.

डाव्या पेटीत बराच वेळ काही सापडलं नाही. शेवटी तिने त्याच्या पावसाळी कोटाची वळकटी उलगडली. वळकटीच्या पोटात तळहाताएवढा एक स्टोव्ह होता, आणि एक मग. त्यांचा दोघांचा स्टोव्ह वरच्या बॅगेत होता, रोज वापरातला. यावर जेमतेम एका माणसाचा चहा झाला असता.

तिने जॅकेटची मापाची पट्टी पाहिली. हातमोज्यात हात घातला. बोटं दोन पेरं रिकामी राहिली. सगळं त्याच्या मापाचं. तिच्या मापाचं काही नव्हतं.

आता जे झालं त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. नवरा आपल्याला मागे टाकून पुढे जायची तयारी करतोय हे कळल्यावर आधी राग यायला हवा होता. आधी आली ती निराशा. नशेची एखादी पुडी सापडली असती तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पुडी सापडली असती तर तिने आरडाओरडा केला असता, गाडी अडकली असती, चौकशी झाली असती आणि प्रवास इथेच संपला असता. तिला स्वतःला कुणाला काही सांगावं न लागता.

फोन वाजला. मुलगी होती.

"आई, आवाज असा का येतोय तुझा?"

"कसा?"

"परीक्षेला बसल्यासारखा. बरं ऐक, मी विमानाचं बघून ठेवलंय. पण बाबा म्हणाले, घाई करू नकोस, तिचं ठरलं की ती स्वतःच फोन करेल. म्हणून मी थांबले. ठरलं का तुझं?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई? अगं... तुला माहीत नव्हतं?"

"कधी बोलला तो तुझ्याशी?"

"झाले की बरेच दिवस. देवा! मी घोळ घातला का? बाबांना सांगू नकोस हं, मी बोलले म्हणून."

"तुझे बाबा मला सांगत नाहीत, तू बाबांना सांगत नाहीस. चांगलं चाललंय तुमचं."

"आणि तू? तू सांगतेस?" मुलगी म्हणाली. ती आईवरच गेली होती. "दर रविवारी फोटो पाठवतेस. एकाही फोटोत तू गाडीवर नसतेस. सगळ्यांत गाडीशेजारी उभी."

फोन ठेवल्यावर तिने सगळं सामान पेट्यांत परत भरलं. बर्फाचे हातमोजे मात्र पलंगावर टॉवेलखाली ठेवले.

तो परत आला तेव्हा उन्हं भिंतीवरून खाली उतरली होती. छापखान्यातली यंत्रं दुरुस्त करण्यात ज्याची हयात गेली, असा हा उंच, थोडा वाकलेला माणूस. कुठल्याही खोलीत शिरला की आधी गळका नळ बघायचा. आताही त्याने बेसिनजवळ जाऊन नळ आवळून पाहिला.

"झालं विम्याचं. तिथला कारकून झोपाळूच होता, शिक्का उलटा मारला. काय मॅडम, पाणी पिण्यालायक?"

"फरक शून्य."

"वा!" तो जरा जास्तच मोठ्याने म्हणाला. "म्हणजे आज पक्कड हलवायची नाही."

"तू पेट्या उघडल्या होत्यास का रे?"

"मी? नाही बुवा. कशाला उघडू?" तो वाकून बुटाची नाडी सोडू लागला. ती गाठ साधीच होती. त्याला उगाचच वेळ लागत होता.

"गॅरेजवाल्याने उघडल्या असतील?"

"तो कशाला उघडेल? बिचारा सज्जन माणूस."

"मालकीणबाई सांगत होत्या, असंच एक जोडपं पकडलं म्हणे. आपल्या सामानात कुणी काही टाकलं असलं तर? मी विचार करतेय, पोलिसांना बोलवावं. त्यांच्यासमोरच उघडू."

तो ताठ उभा राहिला. एक पाय बुटात, एक बाहेर. "पोलीस? अगं, वेडी झालीस का? काही नाहीये पेटीत."

"तू तर उघडली नाहीस."

तिने टॉवेल उचलला.

हातमोज्यांकडे बघत तो खुर्चीवर बसला. "गॅरेजवाल्याचे असतील," असं म्हणून त्याने हसायचा प्रयत्न केला.

"गॅरेजवाल्याचे हात तुझ्या निम्म्याने आहेत."

"बरोबर काट्यावर मोजलं होतं मी. तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा. फरक अगदी शून्यावर आणला."

"फरकच बघते मी, असं वाटलं तुला."

"फरकच सांगतेस तू!"

"बेरीज डोक्यात असते."

तो खरोखरच हसला, नकळत. तिला हसू आलं नाही, हे पाहून थांबला.

"विमानाचंही बघून ठेवलंय म्हणे," ती म्हणाली. "मला इथून पार्सल करायचं, आणि तू वर. एक मग, एक स्टोव्ह. मला सांगणार कधी होतास? विमानात बसल्यावर?"

"सांगणार होतो."

"कधी?"

"तू सांगितल्यावर."

"मी काय सांगणार होते?"

त्याने दुसरा बूटही काढून ठेवला. मग बोलला तो यंत्रातला बिघाड सांगावा तसा, आवाज न चढवता. "त्या खडीच्या उतारावर आपण पडलो ना, तेव्हापासून तुझी मूठ सुटलेली नाही. माझं जॅकेट मागून दोन्ही बाजूंनी धरतेस. वळणावर धरलंस तर समजू शकतो. सरळ, सपाट रस्त्यावरसुद्धा धरतेस. पाठीला कळतं ते. संध्याकाळी मी विचारतो, कसं वाटलं आज? तू म्हणतेस, मस्त. परवा हेल्मेट काढलंस तर ओठाला रक्त होतं, दाताखाली धरलेला. आणि तरी काय म्हणालीस?"

"मस्त," ती म्हणाली.

"मग मी काय करायचं?"

"सरळ विचारायचं. येतेस की नाही."

"तू येते म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"आणि आली असतीस. ओठ चावत, त्या बर्फातून. ते ओझं मला नको होतं, गं. म्हणून म्हटलं, आधी तयारी करून ठेवू. तू नाही म्हटलंस की मला तुझ्यासमोर विचारात पडावं लागायला नको."

"एवढंच?"

"एवढंच."

"खरं सांग."

खाली टायरच्या दुकानात कुणीतरी चाकाची हवा सोडली. बराच वेळ फुस्स आवाज येत राहिला.

"दुकानात ते हातमोजे घालून पाहिले," तो म्हणाला, "तेव्हा मला बरं वाटलं. एकटा जाईन, असं वाटून बरं वाटलं. मागे कुणी घाबरलेलं नाही, वाटेल तिथे थांबायचं, वाटेल तेवढं जायचं. मग खोलीवर येताना स्वतःचीच लाज वाटली. म्हणून लपवले. थंडीसाठी घेतले असते तर उघड आणले असते ना."

म्हणजे दुपारपासून तिला जो संशय येत होता तो अगदीच निराधार नव्हता. तिला इथेच थांबता आलं असतं. रागावण्याचा पुरता हक्क तिच्या पदरात पडला होता. आता रडता आलं असतं, अबोला धरता आला असता, मुलीला फोन करून सगळं ऐकवता आलं असतं. नवऱ्याने फसवलं म्हणून मी परत आले, असं घरी गेल्यावर सांगता आलं असतं, आणि कुणीही तिलाच धीर दिला असता.

पण तिने दुपारी दोन्ही पेट्या स्वतःच्या हाताने उपसल्या होत्या, आणि आत पुडी निघावी म्हणून ती आतल्या आत विनवत होती, हे फक्त तिलाच माहीत होतं.

"चिडलीस?" त्याने विचारलं.

"हो."

"मग नाही जात मी. परत जाऊ दोघंही. गाडी जहाजावर टाकू. नाहीतर असं करू या का, उद्या नुसतं खिंडीपर्यंत जाऊन बघू, पलीकडचा रस्ता कसा आहे ते, आणि मग तिथे..."

"तिथे काय?"

"तिथे ठरवू."

त्याने ते मुद्दाम म्हटलं नव्हतं. इतक्या दिवसांच्या सवयीने तोंडातून आलं होतं. तो तिच्याकडे बघत होता, आणि ती नेहमीसारखी 'बरं' म्हणेल याची वाट बघत होता. 'बरं' अगदी जिभेवर आलंही होतं. तेवढं म्हटलं असतं तर आजची संध्याकाळ सुटली असती. उद्या पहाटे चहा आला असता, ती हेल्मेट घालून मागे बसली असती आणि पहिल्याच वळणाच्या आधी त्याचं जॅकेट दोन्ही मुठींत घट्ट धरलं असतं.

तिने हातमोजे उचलून त्याच्या मांडीवर ठेवले.

"नाही," ती म्हणाली. "खिंडीपर्यंतही नाही. मला भीती वाटते, आणि ती पडल्यापासूनची नाही, त्याच्याही आधीपासूनची आहे. मला आता गाडीवर बसायचंच नाही. तू जा. मी उद्या घरी जातेय."